चांद्याचं लोखंड आणि जमशेदजी टाटा

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या मोहल्ल्यात एक योजना आली. व्याज नाही, म्हणजे हरामचा प्रश्नच नाही, फक्त नफ्यातला वाटा. गडचिरोलीकडे लोखंडाच्या खाणी सुरू झाल्या आहेत, माल वाहायला ट्रक लागतात, ट्रक आम्ही घेतो, पैसा तुम्ही लावा, दर महिन्याला शेकडा आठ रुपये घरपोच. सांगायला आलेला माणूस ओळखीतला, नमाजी, बोलायला गोड. आम्ही वीस हजार लावले. चार महिने सोळाशे रुपये वेळेवर हातात पडले. पाचव्या महिन्यात त्याचा फोन लागेना आणि सहाव्या महिन्यात घराला कुलूप दिसलं.

आमचे वीस हजार बुडाले ते एक वेळ सोडा. पण आम्ही पडलो शाळेतले सर. चार लोक विचारायला येतात, सल्ला घेतात. आमच्या मेहुण्यांचं छोटं किराणा दुकान आहे. पहिला हप्ता हाती आला त्याच आठवड्यात आम्ही त्यांना ही योजना सांगितली, आणि थोडं मोठेपणानंच सांगितली. त्यांनी साठ हजार लावले. आम्ही नसतो बोललो तर त्यांनी लावलेच नसते. ही गोष्ट घरात कुणी आम्हाला तोंडावर बोलून दाखवली नाही, म्हणून ती जास्त बोचते.

त्याच वर्षी नववीच्या मुलांना आपल्या भागातल्या खनिजांवर काही सांगायचं होतं, म्हणून आम्ही जुनं वाचायला बसलो. आज ज्याला चंद्रपूर म्हणतो ते तेव्हा चांदा. गडचिरोली 1982 मध्ये वेगळा जिल्हा झाला, त्याआधी तो सगळा जंगलपट्टा चांद्यातच होता. वाचता वाचता या चांद्याच्या लोखंडाशी जोडलेलं एक नाव निघालं, ते म्हणजे जमशेदजी नसरवानजी टाटा. आम्हाला वाटायचं, टाटा म्हणजे मुंबई आणि जमशेदपूर. आपल्या चांद्याचा आणि त्यांचा संबंध काय? पण संबंध आहे, आणि तो वीस-बावीस वर्षांचा आहे. त्या संबंधाच्या मागे एक पोळलेला माणूस आहे, हे आम्हाला त्यांचं चरित्र वाचल्यावर कळलं.

जमशेदजींचा जन्म 3 मार्च 1839 चा, गुजरातेतल्या नवसारीचा. घराणं पारशी धर्मगुरूंचं. पिढ्यान्‌पिढ्या अग्यारीतली सेवा करणारं. वडील नसरवानजी यांनी पहिल्यांदा ती वाट सोडून व्यापार धरला आणि मुंबई गाठली. मुलगा तेरा-चौदा वर्षांचा असताना मुंबईला आला, एल्फिन्स्टन कॉलेजात शिकला, 1858 मध्ये बाहेर पडला आणि वडिलांच्या पेढीवर बसला. पुढच्याच वर्षी वडिलांनी त्याला हाँगकाँगला पाठवलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मोठ्या माणसांची चरित्रं लिहिणारे ती सहसा भरभर ओलांडून जातात. हाँगकाँगच्या त्या व्यापारात हिंदुस्थानातून कापूस जायचा तशी अफूही जायची, आणि तिकडून चहा, रेशीम, कापूर, तांबं यायचं. त्या काळी अफूचा व्यापार इंग्रज सरकारच्या कायद्यात बसत होता. मुंबईतल्या कितीतरी मोठ्या पेढ्या, पारशी, मारवाडी, यहुदी आणि आपले मुसलमान व्यापारीसुद्धा, त्यात होत्या. पण कायद्यात बसतं म्हणून एखादी गोष्ट बरोबर ठरत नाही. नफा मुंबईत यायचा आणि नुकसान चीनमधल्या घराघरांत व्हायचं. त्या घरांना विचारलं कुणी? विशीतल्या जमशेदजींनीही नाही विचारलं. हे त्यांच्या खात्यावर लिहिलेलं आहे आणि ते पुसता येत नाही.

आता मुंबईत काय चाललं होतं ते पाहू. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेतला कापूस अडकला आणि इंग्लंडच्या गिरण्या हिंदुस्थानी कापसावर तुटून पडल्या. कापसाचे भाव आभाळाला भिडले. गुजरात, खानदेश, वऱ्हाड, आपल्याकडचं हिंगणघाट, सगळीकडचा कापूस मुंबईकडे धावू लागला. मुंबईत सोन्याचा पाऊस पडला. इतका पैसा आला की त्याचं करायचं काय ते लोकांना कळेना. मग कंपन्या निघाल्या. बँका निघाल्या, पैसा उसना देणाऱ्या मंडळ्या निघाल्या, समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅकबेचा समुद्र बुजवणारी जी कंपनी होती, तिचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या आसपास गेला. जमीन अजून पाण्याखालीच होती, बरं का! लोक जमीन विकत घेत नव्हते, उद्या दुसरा कुणी आपल्यापेक्षा जास्त देईल ही आशा विकत घेत होते. कारकून, दलाल, पेन्शनर, सगळे त्यात उतरले. या सगळ्या खेळाच्या मध्यभागी प्रेमचंद रायचंद हे नाव होतं. त्यांच्या एका होकारावर बँका कर्ज देत होत्या.

नसरवानजींची पेढी याच प्रेमचंदांच्या वर्तुळातली. लंडनमध्ये हिंदुस्थानी व्यापाऱ्यांची एक बँक काढावी असा बेत ठरला आणि 1864 च्या अखेरीस पंचवीस वर्षांच्या जमशेदजींना तिकडे पाठवलं गेलं. बरोबर कापसाच्या व्यवहाराची कागदपत्रं होती, त्या वेळच्या भावानं ती लाखमोलाची. 1865 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतलं युद्ध थांबलं. कापूस कोसळला. 1 जुलै 1865 हा मुंबईत सौदे मिटवायचा दिवस होता. त्या दिवशी मिटवण्यासारखं फारसं कुणाकडे काही उरलं नव्हतं. पेढ्यांमागून पेढ्या बसल्या. बँक ऑफ बॉम्बे काही वर्षांत गुंडाळावी लागली. प्रेमचंद स्वतः बुडाले आणि त्यांच्या शब्दावर विसंबलेले हजारो बुडाले. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर याच प्रेमचंदांच्या देणगीतून उभा आहे, त्यांच्या आईच्या नावानं. म्हणजे माणूस दानशूर होता. आम्हाला यातून एवढंच दिसलं की दान मोजून हाव मोजता येत नाही. एकाच हातानं दोन्ही होतं. आपल्याकडेही चंद्याच्या पावतीवर मोठा आकडा पाहिला की आपण पुढचं काही विचारत नाही.

इकडे लंडनमध्ये जमशेदजींच्या हातातले कागद रद्दी झाले होते. परका मुलूख, वय सव्वीस, समोर घेणेकरी. पळून जाणं अवघड नव्हतं, तेव्हा बरेच जण तेच करत होते. कागद आणखी थोडे दिवस फिरवणं, एकाचे घेऊन दुसऱ्याला देणं, हेही जमलं असतं. आमच्या योजनेवाल्यानं पहिले चार महिने नेमकं हेच केलं असणार. जमशेदजी मात्र घेणेकऱ्यांच्या आणि बँकवाल्यांच्या पुढे जाऊन बसले आणि हिशोब उघडा केला. किती देणं आहे, जवळ काय आहे, काय येईल, काय येणार नाही. त्या लोकांवर याचा असा परिणाम झाला की त्यांनी याच मुलाला पेढीचा हिशोब मिटवणारा अधिकारी नेमलं, महिना वीस पौंड पगारावर. ज्या पेढीचा तो वारस, तिच्याच देण्यांची फेड करणारा तो पगारी नोकर झाला. काल लाखांच्या गोष्टी आणि आज वीस पौंड!

हे वाचलं त्या रात्री आम्हाला झोप नीट लागली नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मेहुण्यांच्या दुकानात गेलो. त्यांना म्हटलं, भाईजान, साठातले निम्मे आमच्यावर लावा, महिन्याला दोन हजार देत जाऊ. ते नको नको म्हणाले, दीदीनं डोळे वटारले, पण शेवटी वहीत लिहिलं. निम्मेच का, असा प्रश्न कुणी विचारला तर त्याचं चांगलं उत्तर आमच्याकडे नाही. तेवढीच ऐपत होती.

असो. मरहूम नसरवानजींकडे वळू. पेढी पुन्हा उभी राहिली ती एका लष्करी ठेक्यावर. 1867-68 मध्ये इंग्रजांनी हबशाच्या मुलखावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, फौज पाठवली. तिच्या रसदेचा ठेका मुंबईच्या ज्या व्यापाऱ्यांनी मिळून घेतला त्यात नसरवानजी होते. मोहीम अपेक्षेपेक्षा लवकर आटोपली आणि नफा भरपूर झाला. लढाईच्या रसदेतून आलेला पैसा. त्याबद्दल आम्ही काही चांगलं म्हणणार नाही. पण बापलेकांनी तो पुन्हा शेअरबाजारात घातला नाही, हे खरं. 1869 मध्ये जमशेदजींनी चिंचपोकळीची एक बुडालेली तेलगिरणी घेतली, तिची कापडगिरणी केली आणि दोन वर्षांनी नफ्यात विकली. मग लँकेशायरला जाऊन कापडाचा धंदा मुळापासून पाहून आले आणि 1874 मध्ये नवी कंपनी काढली, भांडवल पंधरा लाख.

गिरणी कुठे काढायची? तेव्हाचा शहाणपणा म्हणजे मुंबई. त्यांनी निवडलं नागपूर. कारण सरळ होतं. कापूस पिकतो वर्धा, हिंगणघाट, वऱ्हाडात. रेल्वे 1867 लाच नागपूरला पोचलेली. आणि कोळसा आपल्या वरोऱ्याला, जिथे सरकारी खाण सुरू झाली होती. चांद्याशी त्यांचं नातं खरं तर इथूनच सुरू होतं, लोखंडाच्याही आधी. जागा मिळाली ती जुम्मा तलावाजवळची, दलदलीची. जुम्मा तलाव म्हणजेच शुक्रवारी तलाव, आजचा गांधीसागर. आमच्या वर्गातल्या मुलांना या दोन नावांची गंमत लगेच कळते. ती दलदल भरायला इतकी माती लागली की नागपूरच्या एका सावकारानं पैसे द्यायला नकार दिला. हा माणूस जमिनीत पैसा पुरतोय अशी त्याची समजूत झाली. पुढे याच सावकारानं कबूल केलं म्हणतात की तो माती पुरत होता आणि सोनं काढत होता. 1 जानेवारी 1877 ला गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीत राणी व्हिक्टोरियाच्या नावानं सम्राज्ञीपदाची द्वाही फिरली, म्हणून नाव पडलं एम्प्रेस मिल.

सुरुवातीला यंत्रं स्वस्तातली घेतली होती. सूत वाईट निघालं. चूक त्यांचीच. ती दडवून स्वस्त माल महाग विकता आला असता, गिऱ्हाईकाला काय कळतंय? पण त्यांनी यंत्रं बदलली. बेझनजी मेहता नावाचे रेल्वेतले गृहस्थ कारभारी म्हणून आणले, ज्यांना कापडातलं काही ठाऊक नव्हतं पण माणसं आणि हिशोब नीट कळत होते.

आणि माणसांचाच प्रश्न मोठा होता. नागपूरचा मजूर मुंबईच्या मजुरासारखा गिरणीला बांधलेला नव्हता. घरी शेती, सणवार, लग्नकार्य. रोज शंभरातले वीस गैरहजर. दुसरा मालक असता तर दंड लावला असता, मुकादमाला काठी दिली असती. त्या काळी गिरण्यांची हालत काय होती ते आठवा. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम, सात वर्षांची मुलं यंत्रापाशी. 1881 च्या कायद्यानं मुलांचे तास नऊवर आणले, तेवढीच मेहरबानी. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी करून वर्षानुवर्षं झगडा केला तेव्हा कुठे 1890 मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. आज रविवारी आपण उशिरा उठतो तो त्या माणसाच्या मेहनतीवर.

एम्प्रेस मिलमध्ये कामगारांसाठी भविष्य निर्वाह निधी सुरू झाला. 1886 मध्ये पेन्शनची सोय झाली, 1895 पासून कामावर अपघात झाला तर भरपाई. कामगाराला अपघाताची भरपाई मिळावी असा कायदा या देशात 1923 साली आला. म्हणजे अठ्ठावीस वर्षं आधी. गिरणीत हवा खेळती ठेवायची, दमटपणा राखायची यंत्रं बसवली, आग विझवायचे फवारे बसवले. चांगल्या कामाला दरवर्षी समारंभात बक्षिसं दिली. हे सगळं त्यांनी खैरात म्हणून केलं असं आम्हाला वाटत नाही. त्यांना माणसं टिकवायची होती, आणि माणसं टिकली की नफा टिकतो. गिरणीनं भागधारकांना नफाही भरपूर दिला. पण यंत्रात बोट गेलं तर त्याचा खर्च कुणी सोसायचा, या प्रश्नाचं त्या काळातलं उत्तर होतं, ज्याचं बोट गेलं त्यानं. जमशेदजींच्या गिरणीनं ते उत्तर बदललं. आम्ही व्यापाराचा चांगुलपणा यातच मोजायला शिकलो आहोत. नफा सगळेच घेतात. नुकसान झालं की ते कुणाच्या अंगावर टाकतात ते पाहावं.

दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. गिरणीचं सूत आलं तशी गावोगावची हातानं सूत कातणारी बायामाणसं बसली. विणकर गिरणीच्या सुतावर काही काळ तगले, पण गिरणीचं कापड स्वस्त झालं तसे तेही मागे पडले. आपल्या मोमिन बिरादरीतल्या घरांत ही आठवण अजून आहे. त्या नुकसानीची भरपाई कुठल्याच वहीत लिहिली गेली नाही.

एम्प्रेस मिल चालली म्हणून सगळं सोपं झालं असं नाही. 1886 मध्ये कुर्ल्याची धरमसी मिल साडेबारा लाखांत घेतली, नाव ठेवलं स्वदेशी. यंत्रं मोडकी, माल रद्दी. चीनमधून माल परत यायला लागला. बँकांनी हात आखडला. तेव्हा त्यांनी स्वतःचे एम्प्रेसचे शेअर विकले, घरच्यांसाठी ठेवलेला पैसाही काढला आणि गिरणी वर आणली.

आणि मग आगबोटीचं प्रकरण. व्यापारातली हाव कशी काम करते हे शिकवायला आम्हाला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळालेलं नाही. मुंबईहून चीन-जपानला सूत न्यायचा धंदा पी अँड ओ या इंग्रज कंपनीच्या आणि तिच्या दोन साथीदार कंपन्यांच्या मुठीत होता. भाडं भारी, आणि काही मोठ्या बिगरहिंदी पेढ्यांना मात्र गुपचूप सूट. जमशेदजी 1893 मध्ये जपानला गेले, तिथल्या निप्पॉन युसेन कैशा कंपनीशी बोलणी केली, स्वतः जोखीम घेऊन बोट भाड्यानं घेतली आणि टाटा लाइन सुरू केली. टनाला बारा रुपये. पी अँड ओ घेत होती एकोणीस. मुंबईच्या सूतवाल्यांनी शब्द दिला की आमचा माल तुमच्याच बोटीनं. मग पी अँड ओनं भाडं उतरवायला सुरुवात केली. एकोणिसाचं उतरत उतरत दीड रुपयावर आणलं. शेवटी तर जपानचा कापूस फुकट न्यायची तयारी दाखवली. उघड होतं की टाटांची बोट बुडवली की हे सगळं वसूल करणार. पण आजचे साडेदहा रुपये वाचत होते. एकेक करून सूतवाले सटकले. टाटा लाइन बंद पडली आणि भाडं पुन्हा चढलं. जमशेदजींनी सरकारकडे तक्रार केली, आकडे मांडले, काही झालं नाही. आम्हाला पी अँड ओचा राग येत नाही, मोठी कंपनी तशीच वागायची. राग येतो त्या सूतवाल्यांचा. आणि मग आठवतं की शेकडा आठ रुपये ऐकून आम्हीही काही विचारलं नव्हतं.

आता चांद्याचं लोखंड. 1882 मध्ये जमशेदजींच्या हाती रिटर फॉन श्वार्ट्‌झ नावाच्या जर्मन भूवैज्ञानिकाचा अहवाल आला. चांदा जिल्ह्यात लोहारा इथे उत्तम प्रतीचं लोखंड आहे आणि वरोऱ्याचा कोळसा तिथून फार दूर नाही, असा त्यात निष्कर्ष होता. जमशेदजी तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे. नागपूरची गिरणी पाच वर्षं चालून स्थिरावलेली, नाव झालेलं, पैसेवाले लोक त्यांच्या शब्दाची वाट बघत असलेले. अशा माणसानं तेव्हा मुंबईत चांदा लोखंड कंपनी नावाची पाटी लावली असती तर शेअर एका दिवसात खपले असते. हातात सरकारी छापाचा अहवाल होता. आमच्या योजनेवाल्याकडे तर तेवढंही नव्हतं, फक्त मोबाइलमध्ये दोन ट्रकांचे फोटो होते.

त्यांनी पाटी लावली नाही. वरोऱ्याचा कोळसा आणि चांद्याची माती जर्मनीला तपासायला धाडली. उत्तर आलं की हा कोळसा भट्टीच्या कामाचा नाही. शिवाय सरकारच्या खाणपट्ट्याच्या अटी जाचक, जागा तोकडी. त्यांनी प्रकरण मिटवून ठेवलं. मिटवलं म्हणजे विसरले नाहीत. पुढची सतरा वर्षं लोखंडावरचं जे दिसेल ते वाचत राहिले, कात्रणं ठेवत राहिले. पण लोकांचा एक रुपयाही त्यात गुंतवला नाही. 1865 चं पोळणं त्यांच्या मनात होतं असं आम्ही समजतो. ज्या माणसानं पाण्याखालच्या जमिनीचे शेअर पाहिले, तो न वितळणाऱ्या लोखंडाचे शेअर विकायला धजला नसणार.

1899 मध्ये लॉर्ड कर्झनच्या वेळी खाणींचे नियम सैल झाले तेव्हा साठीतल्या जमशेदजींनी जुनं पुडकं पुन्हा उघडलं. 1902 मध्ये अमेरिकेला गेले, भट्ट्या पाहिल्या, चार्ल्स पेज पेरिन या इंजिनिअरला गाठलं. पेरिननं त्याचा जोडीदार वेल्ड याला हिंदुस्थानात पाठवलं. वेल्ड, जमशेदजींचे चिरंजीव दोराबजी आणि भाचे शापूरजी सकलातवाला असे तिघे बैलगाडीतून चांद्याच्या जंगलात फिरले. रस्ते नव्हते, पाण्याचे हाल, वाघाची भीती. लोखंड सापडलं, चांगलंही होतं, पण तुकड्या-तुकड्यांत विखुरलेलं. मोठा कारखाना वर्षानुवर्षं चालेल इतकं एका जागी नाही, असं वेल्डचं मत पडलं. पुन्हा एकदा चांदा सोडलं गेलं.

त्याच काळात, 19 मे 1904 ला, जर्मनीतल्या बाड नाउहाइममध्ये जमशेदजी वारले. इंग्लंडमध्ये ब्रुकवूडला त्यांचं दफन झालं. मागे विज्ञानाच्या संस्थेसाठी देऊ केलेली मुंबईतली चौदा घरं होती, जवळजवळ निम्मी मालमत्ता. त्यातून 1909 मध्ये बंगळूरची संस्था उभी राहिली. शिवाय 1903 मध्ये उघडलेलं ताजमहाल हॉटेल. याबद्दल सगळीकडे वाचायला मिळतं, आम्ही वाढवत नाही. फक्त 1902 मध्ये अमेरिकेहून दोराबजींना लिहिलेल्या पत्राचा उल्लेख करतो. लोखंडाचा कारखाना कुठे होणार याचा पत्ता नव्हता, पण मजुरांच्या गावाची चिंता सुरू झाली होती. रस्ते रुंद असावेत, सावलीची आणि लवकर वाढणारी झाडं असावीत, खेळायला मोकळी जागा असावी, आणि हिंदूंच्या मंदिरांसाठी, मुसलमानांच्या मशिदींसाठी, ख्रिस्ती लोकांच्या चर्चसाठी जागा आधीच राखून ठेवावी, असं त्यांनी त्यात कळवलं होतं.

चांद्याहून निराश होऊन दोराबजी नागपूरला सरकारी अधिकाऱ्याला तसं सांगायला गेले होते. वाट बघताना सहज समोरच्या अजबखान्यात शिरले आणि तिथल्या भूगर्भाच्या नकाशात दुर्ग जिल्ह्यावर लोखंडाची खूण दिसली. तिथून शोध पुढे सरकला, मग पी. एन. बोस यांच्या सांगण्यावरून मयूरभंजला आणि शेवटी साकचीला. 1907 मध्ये कंपनीचे शेअर विक्रीला निघाले. लंडनच्या सावकारांनी पाठ फिरवली होती. मुंबईत मात्र कचेरीसमोर सकाळपासून रात्रीपर्यंत लोक रांगेत. तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार हिंदी लोकांनी सोळा लाख तीस हजार पौंडांचं भांडवल भरलं. बेचाळीस वर्षांपूर्वी हीच मुंबई होती, हीच गर्दी होती. फरक एवढाच की या वेळी माती दोनदा, तीनदा तपासून झाली होती, आणि जिथे पुरेसं नाही तिथे नाही असं सांगून झालं होतं. 1912 मध्ये पहिलं पोलाद निघालं.

हे सगळं वर्गात सांगून झालं तेव्हा मुलांनी विचारलं की म्हणजे आपल्याकडचं गेलं ना सर? वरोऱ्याचा कोळसा चांगला निघाला असता तर जमशेदपूर इथेच झालं असतं ना? मुलांच्या घरचे लोक कोळसा खाणीत, बल्लारपूरच्या कागद कारखान्यात, वीज केंद्रात, तेंदूपत्त्याच्या हंगामात काम करतात. त्यांना मोठा कारखाना म्हणजे नोकरी एवढं पक्कं ठाऊक आहे. आम्ही पटकन हो म्हणणार होतो. पण वर्गात एक मुलगी आहे, एटापल्लीकडची, मामाकडे राहून शिकते. सुरजागडची टेकडी तिच्या गावापासून जवळ. तिथल्या माडिया लोकांचा ठाकुरदेव त्या डोंगरावर आहे, दरवर्षी जत्रा भरते, आणि आता तोच डोंगर खणला जातोय. तिनं सांगितलं की आता ट्रकांची रांग असते, काही पोरांना काम लागलंय, तिच्या चुलतभावालाही, आणि रस्त्यालगतच्या शेतांत धूळ बसते. मग तिनं विचारलं की त्या टाटांच्या माणसांनी बैलगाडीतून फिरताना गावातल्या लोकांना काही विचारलं होतं का.

त्या अहवालांत आणि चरित्रांत गाववाले दिसत नाहीत. तेच तिला सांगितलं. तास संपला होता, पण दोन-तीन मुलं टेबलापाशी थांबून नकाशात लोहारा शोधत होती.